क्रीडा-दिनविशेष : १८ एप्रिल

क्रीडाक्षेत्रातील व्यक्तींचे जन्ममृत्यू, स्पर्धांचे व क्रीडांगणांचे प्रारंभ, उच्चांक आणि इतर संस्मरणीय घटना यांची दिनांकवार केलेली नोंद म्हणजे क्रीडा-दिनविशेष होय. इतिहासलेखनात घटना कालानुक्रमे मांडल्या जातात. दिनविशेषात मात्र वर्ष गौण ठरते व महिना आणि तारीख यांना प्राधान्य मिळते. त्यामुळे परस्परांशी कोणताही कार्यकारणसंबंध नसलेल्या, भिन्न काळांतील व भिन्न देशांतील घटना एका ओळीत येऊन बसतात. दिनदर्शिका, वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि शालेय फलक यांतून हा प्रकार महाराष्ट्रात घरोघरी परिचित झालेला आहे. या नोंदींचे स्वरूप, त्यांचे प्रकार आणि त्यांच्या मर्यादा समजून घेण्यासाठी १८ एप्रिल हा दिवस सोयीचा आहे. क्रिकेट, बेसबॉल व मॅराथॉन या तीन खेळांतील महत्त्वाच्या घटना या एकाच तारखेस घडल्या असून, पुणे शहरातील कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचाही हाच जन्मदिन आहे.

कर्वेनगर व १८ एप्रिल : पुणे शहराच्या नैर्ऋत्य भागात, मुठा नदीच्या डाव्या तीरानजीक कर्वेनगर वसले आहे. याचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला व त्यांचे बालपण मुरूड येथे गेले. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यामुळे त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० मध्ये हा आश्रम हिंगणे येथील माळावर एका झोपडीत हलविला. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते पायी हिंगण्यास जात. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले.

कर्वे यांना वयाची शंभर वर्षे १८ एप्रिल १९५८ रोजी पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि त्यांच्या शताब्दीनिमित्त त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट त्यांच्या हयातीतच काढण्यात आले. मुंबईतील शताब्दी-समारंभ ब्रेबर्न स्टेडियम या क्रिकेटच्या मैदानावर झाला व त्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी निधन पावले. ज्या माळावर त्यांची झोपडी होती, तेथे आज मोठी नागरी वस्ती आहे. ती झोपडी संस्थेच्या आवारात जतन करून ठेवलेली आहे.

ज्या दिवशी कर्व्यांची शंभरी साजरी होत होती, त्याच दिवशी वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर ब्रिजटाउन येथे एका मुलाचा जन्म झाला. पुढे जलद गोलंदाज म्हणून जगप्रसिद्ध झालेला माल्कम मार्शल तो हाच. एका समाजसुधारकाच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी एका क्रिकेटपटूचा जन्म व्हावा, यात अर्थ शोधू गेल्यास काहीही हाती लागत नाही. अशा योगायोगांनीच दिनविशेषाची पाने भरलेली असतात. म्हणून त्यांतील प्रत्येक नोंद कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते. ढोबळ मानाने या नोंदींचे चार प्रकार पडतात : जन्म, प्रारंभ, उच्चांक आणि एखादा सामाजिक अडसर दूर झाल्याची घटना.

जन्मदिन : जन्माच्या दिवशी क्रीडेच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. पुढील कर्तृत्वामुळे त्या तारखेस मागाहून महत्त्व प्राप्त होते. मार्शल (१८ एप्रिल १९५८–४ नोव्हेंबर १९९९) याने पहिला कसोटी सामना डिसेंबर १९७८ मध्ये बंगलोर (आताचे बंगळूरू) येथे भारताविरुद्ध खेळला. एकूण ८१ कसोटी सामन्यांत त्याने ३७६ बळी घेतले व त्यांसाठी प्रत्येकी सरासरी २०.९४ धावा दिल्या. १९८३-८४ च्या भारत दौऱ्यातील सहा कसोटी सामन्यांत त्याने ३३ बळी मिळविले. कानपूर येथील सामन्यात त्याच्या चेंडूने सुनील गावसकर यांच्या हातातील बॅट उडविली. याच मालिकेत गावसकरांनी दिल्ली येथे शतक काढून डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि मद्रास (आताचे चेन्नई) येथे नाबाद २३६ धावा केल्या. एकमेकांच्या सामर्थ्याची कसोटी पाहणारा हा संघर्ष मार्शलच्या मोठेपणाचा खरा पुरावा आहे. जन्मतारीख केवळ त्याची आठवण करून देण्याचे निमित्त ठरते. भारताचा फलंदाज के. एल. राहुल याचा जन्मही १८ एप्रिल रोजीच (१९९२) झाला.

जन्मतारखांच्या विश्वसनीयतेविषयी सावधगिरी बाळगावी लागते. महाराष्ट्रात पूर्वी शाळेत नाव घालताना मुलाची निश्चित तारीख पालकांस सांगता आली नाही, तर शिक्षक १ जून ही तारीख लिहून घेत. त्यामुळे जुन्या पिढीतील असंख्य व्यक्तींचा कागदोपत्री जन्मदिन १ जून हाच आहे. ज्या घरांत जन्म तिथीने लक्षात ठेवला जाई, तेथे तिथीचे इसवी सनाच्या तारखेत रूपांतर करताना एक-दोन दिवसांचा फरक पडण्याची शक्यता असते. ग्रामीण भागातून आलेल्या जुन्या मल्लांच्या व कबड्डीपटूंच्या जन्मनोंदी वापरताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

प्रारंभ : १८ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्क येथे यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या भव्य क्रीडांगणाचा प्रारंभ झाला. पहिल्याच सामन्यात बेब रूथ या विख्यात खेळाडूने होमरन मारून यजमान संघास विजय मिळवून दिला. हे क्रीडांगण २००८ मध्ये बंद झाले व त्यानंतर पाडण्यात आले. त्याच्याच शेजारी त्याच नावाचे नवे क्रीडांगण उभे आहे.

भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रारंभ १८ एप्रिल २००८ रोजी झाला. त्या दिवशी बंगळूरू येथील चिन्नास्वामी स्टेडियमवर इंडियन प्रीमियर लीग या वीस षटकांच्या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला सामना खेळला गेला. कोलकाता संघाच्या ब्रेंडन मॅक्युलम याने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा केल्या व त्याच्या संघाने बंगळूरूचा १४० धावांनी पराभव केला. या स्पर्धेमुळे खेळाडूंचा लिलाव, शहरांच्या नावाचे खाजगी संघ व रात्रीचे सामने या गोष्टी रूढ झाल्या. पुणे शहराच्या नावाचे दोन संघ या स्पर्धेत वेगवेगळ्या काळी उतरले (२०११–१३ व २०१६-१७). त्यांपैकी दुसऱ्या संघाने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली, परंतु तो अवघ्या एका धावेने पराभूत झाला. पहिल्या पुणे संघाविरुद्ध २३ एप्रिल २०१३ रोजी क्रिस गेल याने नाबाद १७५ धावा करून मॅक्युलमचा उच्चांक मागे टाकला. अशा रीतीने १८ एप्रिलचा उच्चांक पाच वर्षांनी दुसऱ्या तारखेच्या खात्यावर गेला. प्रारंभाची नोंद मात्र कायम राहिली.

उच्चांक : १८ एप्रिल १९९४ रोजी वेस्ट इंडीजच्या ब्रायन लारा याने अँटिग्वा बेटावरील सेंट जॉन्स येथे इंग्लंडविरुद्ध ३७५ धावा पूर्ण केल्या आणि गॅरफील्ड सोबर्स यांचा नाबाद ३६५ धावांचा कसोटी उच्चांक मोडला. सोबर्स यांनी तो १९५८ मध्ये किंग्स्टन येथे पाकिस्तानविरुद्ध प्रस्थापित केला होता. छत्तीस वर्षे अबाधित राहिलेला हा उच्चांक मोडला, तेव्हा सोबर्स स्वतः मैदानावर उपस्थित होते व त्यांनी लाराचे अभिनंदन केले. लाराचा हा डाव १६ एप्रिलला सुरू होऊन तिसऱ्या दिवशी संपला. तथापि दिनविशेषात केवळ उच्चांक मोडल्याचा दिवस नोंदविला जातो. आधीच्या दोन दिवसांतील ३२० धावांना तेथे स्थान मिळत नाही.

उच्चांकाची नोंद स्वभावतःच तात्पुरती असते. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेडन याने १० ऑक्टोबर २००३ रोजी पर्थ येथे झिंबाब्वेविरुद्ध ३८० धावा काढून लारास मागे टाकले. लाराने १२ एप्रिल २००४ रोजी सेंट जॉन्सच्या त्याच मैदानावर नाबाद ४०० धावा करून तो मान परत मिळविला.

काही वेळा मोठा पराक्रम होऊनही तो अधिकृत उच्चांक ठरत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी बॉस्टन येथील मॅराथॉन शर्यत केन्याच्या जेफ्री मुताई याने २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत जिंकली. तोवरच्या जागतिक उच्चांकापेक्षा ही वेळ ५७ सेकंदांनी कमी होती. परंतु बॉस्टनचा मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणारा व उताराचा असल्याने, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा व उताराचा लाभ धावपटूस मिळू शकतो. या कारणास्तव नियमांनुसार ही वेळ जागतिक उच्चांक म्हणून मान्य झाली नाही.

न घडलेल्या उच्चांकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्यातील आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडक सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांच्या तत्कालीन जागतिक उच्चांकाशी बरोबरी करण्यास केवळ नऊ धावा हव्या असताना काठेवाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालविण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. त्यामुळे जागतिक उच्चांकाच्या यादीत तो दिवस आला नाही. भारतीय खेळाडूची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या म्हणून मात्र ही खेळी आजही अबाधित आहे. निंबाळकर यांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

पराभवाची स्मृती : विजयाप्रमाणेच पराभवही एखाद्या तारखेस चिकटून राहतो. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजा येथे ऑस्ट्रल-एशिया चषकाचा अंतिम सामना भारत व पाकिस्तान यांच्यात झाला. भारताने ५० षटकांत ७ बाद २४५ धावा केल्या. त्यांत गावसकर (९२), श्रीकांत (७५) व दिलीप वेंगसरकर (५०) यांचा प्रमुख वाटा होता. पाकिस्तानचे नऊ गडी बाद झाले असता अखेरच्या चेंडूवर चार धावांची आवश्यकता होती. चेतन शर्मा याच्या त्या चेंडूवर जावेद मियाँदाद याने षटकार मारून सामना जिंकला. मियाँदादच्या नाबाद ११६ धावा झाल्या.

या एका चेंडूमुळे चेतन शर्मा याचे नाव दरवर्षी १८ एप्रिलला घेतले जाते. ही स्मृती एकांगी आहे. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने बर्मिंगहॅमच्या कसोटी सामन्यात दहा बळी घेतले आणि भारताने ती मालिका जिंकली. पुढे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूर येथे न्यूझीलंडविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाजांचा त्रिफळा उडवून विश्वचषक स्पर्धेतील पहिले त्रिक (हॅट्ट्रिक) त्याने साधले. गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतील एकमेव शतकही याच सामन्यातील आहे. एका तारखेवरून खेळाडूचे मूल्यमापन केल्यास किती अन्याय होतो, याचे हे बोलके उदाहरण होय. दुसरी तारीख शेजारी ठेवली म्हणजे तो दूर होतो.

सामाजिक अडसर दूर होणे : १८ एप्रिलच्या घटनांपैकी सर्वांत दूरगामी परिणाम घडविणारी घटना १९४६ सालची आहे. अमेरिकेतील संघटित व्यावसायिक बेसबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नसला, तरी संघमालकांच्या आपसांतील समजुतीने ही बंदी कसोशीने पाळली जाई. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटी येथे जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू माँट्रिऑल संघातर्फे मैदानात उतरला. त्याने पाच वेळा फलंदाजी करताना चार वेळा यशस्वी फटके मारले. त्यांत एक होमरन होता. त्याचा संघ १४–१ असा विजयी झाला. पुढील वर्षी १५ एप्रिल रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स या संघातर्फे सर्वोच्च श्रेणीत खेळू लागला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी कायमचा राखून ठेवला.

या घटनेची तुलना महाराष्ट्रातील पळवणकर बंधूंच्या वाटचालीशी करता येते. दलित समाजातील बाळू पळवणकर यांनी पुण्यात युरोपीय खेळाडूंच्या जिमखान्यात काम करीत असताना डावखुरी फिरकी गोलंदाजी आत्मसात केली. हिंदू संघाने त्यांना मैदानावर आपल्यात घेतले, तरी चहापानाच्या वेळी त्यांना वेगळे ठेवण्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले, परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभले. रॉबिन्सनच्या बाबतीत अडसर दूर झाल्याची निश्चित तारीख सांगता येते. पळवणकर बंधूंच्या बाबतीत तो हळूहळू, अनेक वर्षांत आणि अंशतःच दूर झाला. दिनविशेषाच्या चौकटीत पहिल्या प्रकारची घटना सहज बसते. दुसऱ्या प्रकारची घटना तितकीच महत्त्वाची असूनही तीमध्ये सामावत नाही.

एकाच तारखेस अनेक घटना येण्याची कारणे : वर्षाचे दिवस ३६५ (लीप वर्षात ३६६) आणि नोंदविण्याजोगे खेळाडू व घटना सहस्रावधी, त्यामुळे प्रत्येक तारखेस अनेक नोंदी येणे अपरिहार्य असते. संभाव्यता-गणितानुसार कोणत्याही २३ व्यक्तींच्या गटात किमान दोघांचा जन्मदिन एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सु. ५०.७ टक्के असते. याचे कारण असे, की २३ व्यक्तींच्या २५३ जोड्या होतात व त्यांपैकी कोणतीही एक जोडी जुळली तरी पुरते. २००२ ते २०१८ या काळात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील प्रत्येक संघात २३ खेळाडू असत. म्हणून त्या संघांत समान जन्मदिनाच्या जोड्या वारंवार आढळणे स्वाभाविक होते.

घटनांच्या तारखा जन्मतारखांप्रमाणे वर्षभर विखुरलेल्या नसतात. त्या क्रीडाहंगामावर अवलंबून असतात. अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो. बॉस्टनची मॅराथॉन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते. वेस्ट इंडीजमधील कसोटी मालिका दीर्घकाळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होत आल्या. इंडियन प्रीमियर लीगसाठीही शाळांच्या उन्हाळी सुटीच्या सुमाराचा काळ निवडण्यात आला. यामुळे एप्रिलच्या मध्यास अनेक खेळांचे महत्त्वाचे सामने एकत्र येतात. याउलट भारतात रणजी सामन्यांच्या व कुस्तीच्या मैदानांच्या तारखा मुख्यतः हिवाळ्यात पडतात.

जन्मतारखांचे विखुरणेही नेहमी समप्रमाणात नसते. कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत वय ठरविण्यासाठी १ जानेवारी ही तारीख धरल्यास जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. मोठा मुलगा अंगाने थोराड असल्याने निवडला जातो व त्यास अधिक मार्गदर्शन मिळते. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांचा अभ्यास करता वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीय रीत्या अधिक आढळले. येथे तारखेचा परिणाम खरा असतो. तो ग्रहमानामुळे मात्र नसून निवडीच्या नियमामुळे घडतो.

तारीख-निश्चितीचे संकेत : घटना ज्या ठिकाणी घडली तेथील स्थानिक तारीख ग्राह्य धरण्याचा संकेत आहे. वेस्ट इंडीजमधील दिवसाचा खेळ संपतो, तेव्हा भारतात बहुधा मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यामुळे आकाशवाणीवर समालोचन ऐकणाऱ्या श्रोत्याच्या आठवणीतील तारीख व नोंदीतील तारीख यांत एका दिवसाचे अंतर पडू शकते. अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यात निकालाचा किंवा उच्चांकाचा दिवस नोंदवितात.

अधिकृत क्रीडादिन : काही तारखांना शासनाच्या किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निर्णयाने अधिकृत स्थान प्राप्त होते. पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांचे ६ एप्रिल १८९६ रोजी अथेन्स येथे उद्‌घाटन झाले. या तारखेवरून संयुक्त राष्ट्रांनी ६ एप्रिल हा विकास व शांतता यांसाठीचा आंतरराष्ट्रीय क्रीडादिन ठरविला. भारतात हॉकीपटू ध्यानचंद यांचा जन्मदिन, २९ ऑगस्ट (१९०५), राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात मल्ल खाशाबा जाधव यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, राज्य क्रीडादिन म्हणून २०२४ पासून साजरा होतो. खाशाबांचा जन्म १९२६ मध्ये सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे जाण्यासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना पैसे उपलब्ध करून दिले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशास १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे वाट पहावी लागली. महाराष्ट्राच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकास तर ७२ वर्षे लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्निल कुसळे याने ते १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिंकले. खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाले व १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात निधन पावले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला आणि त्यांच्या जन्मदिनास राज्य क्रीडादिनाचा मान मिळण्यास त्यांच्या मृत्यूनंतर चार दशके जावी लागली. घर गहाण टाकून मिळविलेल्या पदकाचे ऋण जन्मदिन साजरा केल्याने फिटत नाही. पुढील मल्लास तशी वेळ न येणे, हीच अशा दिनाची खरी फलश्रुती मानावी लागेल.

महत्त्व व मर्यादा : दिनविशेषामुळे विस्मृतीत गेलेल्या व्यक्तींची वर्षातून एकदा तरी आठवण होते, विद्यार्थ्यांत जिज्ञासा निर्माण होते आणि वृत्तपत्रांतील जुन्या नोंदी पडताळून पाहिल्या जातात. मात्र या पद्धतीत निश्चित तारीख असलेल्या घटनांना अवाजवी महत्त्व मिळते व दीर्घकाळ चाललेले, संथ गतीने घडलेले कार्य दृष्टीआड होते. स्त्रियांच्या क्रिकेटचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतातील स्त्रियांची पहिली राष्ट्रीय आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात झाली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. ही घटना सामान्यतः केवळ महिन्याने सांगितली जाते. म्हणून एप्रिलमधील कोणत्याही विशिष्ट दिवसाच्या यादीत ती सहसा आढळत नाही. त्यानंतर बावन्न वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबई येथे भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ही या संघाची उपकर्णधार होती. विश्वचषकाची ही तारीख सर्वांच्या लक्षात राहील. ज्या तीन संघांपासून ही वाटचाल सुरू झाली, त्यांची तारीख मात्र मागे पडली आहे.

कर्वे यांचे कार्यही याच प्रकारचे होते. हिंगण्याच्या माळावर मुली शिकू लागल्या, त्या घटनेने कोणताही उच्चांक मोडला नाही. मुलींनी घराबाहेर पडून शिकावे हेच जेथे मान्य नव्हते, तेथे त्यांनी मैदानावर उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तेथे १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. १८ एप्रिलच्या यादीतील धावसंख्या व वेळा कालांतराने मागे पडल्या किंवा पडतील. रॉबिन्सन व कर्वे यांनी दूर केलेल्या अडसरांचे तसे नाही. त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येकास तो मार्ग खुला राहतो. म्हणून दिनविशेषाची कोणतीही यादी वाचताना केवळ काय घडले एवढे न पाहता, त्या दिवसानंतर कोणास काय करणे शक्य झाले, हेही पाहणे अगत्याचे आहे.